सीतेची आसवे पठारावर, तिची भावंडे अंगणात

भाद्रपदाच्या सुमारास साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा पसरतो. त्यातील एका चिमुकल्या फुलाला लोकांनी फार हळवे नाव दिले आहे. सीतेची आसवे! जेमतेम सेंटिमीटरभराचे हे फूल पाहून कोणालाही त्याची कणव यावी. प्रत्यक्षात मात्र या फुलाखालच्या ओल्या मातीत अखंड शिकार चालू असते. सीतेची आसवे ही वनस्पती युट्रिक्युलॅरिया या कुळातील असून हे संपूर्ण कुळ मांसाहारी आहे. जगभरात या कुळाच्या दोनशेहून अधिक जाती असून भारतातही तीसहून अधिक जाती आढळतात. त्यातील कित्येक सह्याद्रीच्या पठारांवर, कातळांवर आणि पाणथळ जागी वाढतात.

ही वनस्पती घरी वाढवता येते का आणि तिची छायाचित्रे घरच्या साधनांनी टिपता येतात का, हा प्रश्न निसर्गप्रेमींना नेहमी पडतो. पुण्या-मुंबईपेक्षा बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमसारख्या गावात तो अधिक कठीण वाटतो. मेहकर तालुक्यातील हे गाव शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे, तेथील शिक्षणसंस्थांमुळे आणि विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादामुळे राज्यभर परिचित आहे. येथे सह्याद्रीचा धुवाधार पाऊस नाही. वर्षभराचा पाऊस साधारण सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरात असतो, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या कातळातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते. कासच्या धुक्यात फुलणाऱ्या वनस्पतीचे येथे काय होणार, असे कोणीही विचारेल. तरीही उत्तर पूर्णपणे नकारार्थी नाही. मात्र त्यासाठी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. पहिली, ही वनस्पती खाते कशी. आणि दुसरी, तिला कोणते पाणी चालते.

मुळे नसलेली शिकारी

युट्रिक्युलॅरियाला खरी मुळे नसतात. बारीक दोऱ्यांसारखी खोडे पाण्यात किंवा ओल्या मातीत पसरतात आणि त्यांवर असंख्य चिमुकल्या पिशव्या लागलेल्या असतात. लॅटिन भाषेत युट्रिक्युलस म्हणजे चामड्याची लहान पिशवी, आपल्याकडची पखाल. या पखालींचा आकार बहुतेक जातींत एखाद-दोन मिलिमीटर, फार तर काही मिलिमीटर इतकाच असतो.

प्रत्येक पखालीला आत उघडणारे एक झडपवजा दार असते. पखालीच्या भिंतींतील ग्रंथी आतले पाणी सतत बाहेर फेकत राहतात. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि पखालीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात. एखाद्याने गाल आत ओढून धरावेत तशा. दारावर काही ताठ केस असतात. पाण्यातील एखादा सूक्ष्म जीव या केसांना धडकला की दाराचा तोल ढळतो, ते आत वळते आणि पाण्याच्या लोंढ्यासह शिकार आत खेचली जाते. लगेच दार पुन्हा बंद होते. आतील पाचक रसांनी शिकारीचे विघटन होते आणि नत्र, स्फुरद यांसारखी द्रव्ये वनस्पतीला मिळतात. जेथे पाण्यात व मातीत ही द्रव्ये जवळजवळ नसतात, तेथेच हा सारा खटाटोप फायद्याचा ठरतो.

चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही हे पखालीचे कोडे पुरते उलगडले नव्हते. शिकार स्वतःच डोके घालून दार ढकलते व आत शिरते, असे त्यांचे मत झाले होते. त्याच काळात अमेरिकेतील मेरी ट्रीट या अभ्यासक स्त्रीने तासन्‌तास सूक्ष्मदर्शकासमोर बसून शिकार आत ओढली जाताना पाहिली होती. दार क्षणात कसे उघडते, हे प्रत्यक्ष दिसण्यासाठी मात्र अतिवेगवान कॅमेऱ्यांची वाट पाहावी लागली. २०११ साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दार उघडण्यास सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो आणि आत जाणाऱ्या पाण्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सहाशे पट त्वरण मिळते. वनस्पतींच्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. त्यानंतर पखाल पुन्हा सज्ज होण्यास साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो.

भारतातील जातींचा शास्त्रशुद्ध आढावा एम. के. जनार्थनम व ए. एन. हेन्री यांनी १९९२ साली ग्रंथरूपाने मांडला. पुढे २००० साली महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक नवी जात शोधून तिला जनार्थनम यांचेच नाव दिले. सह्याद्रीत या कुळाची नोंद अजूनही पूर्ण झालेली नाही, हाच याचा अर्थ.

पठारावरचे रोप का आणू नये?

कासला गेलेल्या पर्यटकाला एखादा ओला गड्डा पिशवीत घालून घरी न्यावा, असा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. फुले वा रोपे उपटण्यास तेथे मनाई आहे, हे कारण पुरेसे आहेच. शिवाय त्यातून हाती काहीही लागत नाही. पठारावरच्या सीतेची आसवे या बहुतांशी एका पावसाळ्याच्या सोबती. कातळावरच्या इंचभर मातीत, वाहत्या झिरपणाऱ्या पाण्यात त्या उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि पाऊस ओसरला की संपतात. उपटलेला गड्डा घरी येईपर्यंत दोऱ्यांसारखी खोडे तुटलेली असतात आणि फुलाच्या दांड्यासह जे उरते ते आठवड्याभरात कुजते. पठारावर मात्र पुढच्या वर्षीचे बी पडायचे राहून जाते.

घरी वाढवण्यासाठी याच कुळातील पाण्यावर तरंगणाऱ्या जाती योग्य. पिवळ्या फुलांची युट्रिक्युलॅरिया ऑरिया, फुलाच्या दांड्याभोवती चांदणीसारख्या तरंड्या धरणारी स्टेलॅरिस आणि अगदी नाजूक अशी गिब्बा या जाती देशात दूरवर पसरलेल्या आहेत. तळी, भातखाचरे, संथ पाण्याचे डोह येथे त्या सापडतात. संरक्षित पाणथळ जागा सोडून, जमीनमालकाच्या परवानगीने घेतलेला वीतभर तुकडा पुरेसा होतो. कारण शेंडा वाढत राहतो आणि मागचा भाग झडत जातो. ज्यांच्याकडे ही वनस्पती आधीच वाढते आहे, अशा हौशी मंडळींकडून तुकडा मागून घेणे सर्वांत उत्तम.

मातीत वाढणाऱ्या जातीच हव्या असतील तर दक्षिण आफ्रिकेतील सँडरसोनी ही कुंडीत रुळलेली जात आहे. तिची फुले कान उभारलेल्या सशासारखी दिसतात. कोको पीट आणि धुतलेली जाड वाळू समप्रमाणात घेऊन, कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली की ती वाढते. कोको पीटमध्ये क्षार असतात. म्हणून ते पावसाच्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून पिळून घ्यावे. वाळूत चुन्याचा अंश आहे का, हे तपासण्यासाठी तिच्यावर लिंबाचा रस वा व्हिनेगर टाकावे. फेस आला तर ती वाळू टाकून द्यावी.

लोणारचा धडा

पाण्याविषयी मात्र कोणतीही तडजोड चालत नाही आणि बुलढाणा जिल्ह्याइतके याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. हिवरा आश्रम ज्या मेहकर तालुक्यात आहे, त्याला लागूनच लोणार तालुका आहे. तेथील उल्काघाती विवरातले सरोवर जगप्रसिद्ध आहे. त्याचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. त्यामागील एक प्रमुख कारण अगदी साधे आहे. विवरात पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी केवळ वाफ होऊन उडते आणि त्यासोबत आलेले क्षार मागेच राहतात. हजारो वर्षे हेच चालले आणि गोड्या पाण्यावर पोसलेले सरोवर खारे झाले.

अंगणातल्या टबात हीच गोष्ट काही आठवड्यांत घडते. समजा, पाव चौरस मीटर पृष्ठभागाचा, चाळीस लिटर पाण्याचा पसरट टब आहे. वैशाखात उघड्यावरचे पाणी दिवसाला सेंटिमीटरभर खाली गेले, तर रोज अडीच लिटर, महिन्याला ७५ लिटर पाणी उडून जाते. ही तूट लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेल्या बोअरच्या पाण्याने भरून काढली तर महिन्याकाठी टबात सुमारे ३७ ग्रॅम क्षार साचतात. म्हणजे पाणी जवळजवळ तिप्पट जड होते. युट्रिक्युलॅरियाला लागते ते नेमके याच्या उलट पाणी: हलके, किंचित आम्लधर्मी आणि क्षार नसलेले. अशा जड पाण्यात तिची पाने आधी पिवळी पडतात, मग पखाली काळवंडतात आणि शेवटी हिरव्या शेवाळाचा विळखा तिला संपवतो. पाणी बदलल्याखेरीज दुसरा उपाय नसतो. खत घातले तर शेवट आणखी लवकर होतो.

म्हणून अशा गावात या छंदाचा पाया आहे तो छपरावरचा पाऊस. दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर शंभर लिटर पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरी धूळ घेऊन वाहून जाऊ द्याव्यात आणि नंतरचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात साठवावे. सिमेंटच्या पत्र्यावरून वा नव्या गिलाव्यावरून आलेले पाणी नको, कारण त्यात चुना उतरतो. त्याच कारणाने वनस्पतीसाठी सिमेंटचा नवा हौद वापरू नये. तांब्याचे जुने गंगाळ दिसायला सुंदर असले तरी तेही टाळावे, कारण तांब्याचा अंश पाण्यातील सूक्ष्म जीवांना मारक ठरतो. टबावर हिरवी जाळी बांधली तर बाष्पीभवन बरेच घटते आणि पावसाळ्यात भरलेले दोनशे लिटरचे एक पिंप उन्हाळ्याची तूट बव्हंशी भागवते. शहरातील सदनिकेत पावसाचे पाणी मिळाले नाही, तर शुद्धीकरण यंत्राचे पाणी चालते. परंतु त्यातील विद्राव्य क्षार लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत आहेत याची खात्री करून घ्यावी. त्याच यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र कधीही वापरू नये.

टबाची निगा

टब निदान वीतभर खोल असावा. उथळ पाणी दुपारी फार तापते. तळाशी धुतलेली वाळू आणि त्यावर देशी बदामाची दोन-तीन वाळलेली पाने ठेवावीत. पाने कुजताना पाणी चहासारखे फिकट तपकिरी होते, किंचित आम्लधर्मी होते आणि त्यातून मिळणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतीच्या उपयोगी पडतो. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस उजेडाची सावली, अशी जागा निवडावी. गोगलगायी दिसताच काढून टाकाव्यात. शेवाळाचे तंतू रोज दोन मिनिटे देऊन हाताने वेचावेत.

खाऊ म्हणून पाण्यातील पिसवेसारखा दिसणारा डॅफ्निया हा जीव सर्वांत चांगला. जुन्या डबक्यातील चमचाभर पाणी सोडले तरी सूक्ष्म जीव टबात आपोआप वाढतात. मांसाचे तुकडे, माशांचे खाद्य असे काही घालू नये, पाणी सडते.

डासांचा प्रश्न येथे गंभीरपणे घ्यावा लागतो. युट्रिक्युलॅरिया डासांच्या अळ्या खाते, हे खरे. पण तिच्या पखालीत मावतात त्या नुकत्या जन्मलेल्या बारीक अळ्या. मोठ्या अळ्या सहज निसटतात. त्यामुळे ही वनस्पती डेंग्यूवरचा उपाय आहे, असे मानणे धोक्याचे. टबावर बारीक जाळीचे कापड घट्ट बसवावे आणि आठवड्यातून एकदा पाण्यावर टॉर्च फिरवून अळ्या दिसल्यास गाळणीने काढाव्यात. एवढे जमणार नसेल तर टब ठेवूच नये.

आणखी एक पथ्य आवश्यक आहे. वाढलेली वनस्पती विहिरीत, तलावात वा नदीत टाकू नये. परदेशी जातींच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे. जादा वाढ उन्हात वाळवून झाडांच्या बुडाशी घालावी.

जे दिसते ते टिपावे

छायाचित्रणात बहुतेकांची पहिली चूक एकच असते. वनस्पती चिमट्याने पाण्याबाहेर उचलली जाते. त्या धक्क्याने पखाली पटापट उडतात, पाण्याऐवजी हवा आत घेतात आणि छायाचित्रात पारदर्शक पखालींच्या जागी काळे बुडबुडे येतात. कान जवळ नेला तर बारीक तडतड ऐकू येते, ती याचीच. म्हणून दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा पाण्यातच कात्रीने कापावा, मोठ्या चमच्यात पाण्यासकट उचलावा आणि सपाट काचेच्या भांड्यात अलगद सोडावा. भांड्यातील पाणी पावसाचे, आधी उकळून टबाच्या तापमानाइतके निवलेले असावे. म्हणजे काचेवर हवेचे बुडबुडे धरत नाहीत.

भांड्याखाली पांढरा कागद ठेवून खालून उजेड दिला तर पखालीच्या आतील शिकार दिसते. काळे कापड ठेवून एका बाजूने उजेड दिला तर दारावरचे केस चंदेरी रेषांसारखे उठून दिसतात. मोबाइलला चिमट्याने लावायचे मॅक्रो भिंग पुरेसे आहे. कॅमेरा असेल तर लेन्स व कॅमेरा यांमध्ये घालायच्या नळ्या उपयोगी पडतात. इतक्या जवळून फोकस केसाएवढ्या जाडीतच मिळतो. त्यामुळे मोबाइल हातात न धरता तिपाईवर पक्का बसवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि फोकस थोडा-थोडा सरकवत आठ-दहा चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडावीत. शाळा-महाविद्यालयात साधा सूक्ष्मदर्शक असतोच. सर्वांत कमी शक्तीचे भिंग लावून त्याच्या नेत्रिकेवर मोबाइल धरला तर पखालीचे उत्तम चित्र मिळते. शेजारी आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवला तर मापही कळते.

पखाल उडतानाचा क्षण मात्र घरच्या साधनांनी टिपता येत नाही. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या मोबाइलमध्येही दोन चित्रांत चार मिलिसेकंदांचे अंतर असते आणि दार त्याच्या आठव्या भागात उघडून मोकळे होते. एका चित्रात शिकार बाहेर दिसते, पुढच्या चित्रात आत. मधला सारा व्यवहार कॅमेऱ्याच्या पापणीआड होऊन जातो.

घरी टिपता येते ते त्यानंतरचे काम. पखाल तिच्या कडेकडून दिसेल अशी ठेवावी. बाजूने पाहिल्यास फरक कळत नाही. बारीक केसाने दाराला स्पर्श करावा. आत ओढलेल्या भिंती एकदम फुगतात. मग दर दहा सेकंदांनी एक याप्रमाणे अर्धा तास छायाचित्रे घ्यावीत. अशी १८० छायाचित्रे सलग चालवली की सात-आठ सेकंदांची चित्रफीत तयार होते. तिच्यात पखालीचे गाल हळूहळू आत जाताना दिसतात. पाण्याचा कण न्‌ कण बाहेर काढून ती पुढच्या शिकारीसाठी पुन्हा सज्ज होत असते. निमिषार्धाच्या झडपेमागे अर्ध्या तासाची ही मेहनत असते, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

पठारावर छायाचित्रे घेणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. फुलाचे एक चांगले चित्र मिळावे म्हणून ओल्या मातीवर पालथे पडले तर खालच्या असंख्य पखाली चिरडल्या जातात. पाऊलवाटेवर उभे राहून, लांब पल्ल्याच्या लेन्सने जेवढे मिळेल तेवढेच घ्यावे. पखालींची चित्रे घरच्या टबात मिळतातच.

सीतेच्या आसवांना हिवरा आश्रमच्या अंगणात आणण्याची गरज नाही. त्या कासलाच शोभतात. त्यांची तळ्यातली भावंडे मात्र येथे येऊ शकतात. मृगाच्या पहिल्या सरी ओसरल्या की पत्र्याखाली एक स्वच्छ पिंप लावून ठेवावे. पुढच्या वैशाखात टबातील वनस्पती तगेल की नाही, हे त्या पिंपातल्या पाण्यावर ठरेल.